अब्बांचं रीडिंग

उचगाव, १९ जानेवारी २०२५

मुनव्वरभाई,

फोन ब्लॉक करता येतो, पोस्टमनला ब्लॉक करून दाखव. तुझ्या चाकणच्या खोलीचा पत्ता अमरसिंहकडनं काढला. तो देत नव्हता, मित्राची शपथ आहे म्हणत होता. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर ठाण मांडून बसले, तेव्हा गपगुमान लिहून दिला. त्याच्यावर राग काढू नकोस. दोन वर्षं झाली तुला जाऊन, राग काढायचाच तर माझ्यावर काढ.

मेकॅनिकलचं माझं शेवटचं सेमिस्टर चालू झालं. यात कॉलेजात बसायचं नसतं, कंपनीत ट्रेनिंग करायचं असतं. पोरांना पटापट जागा मिळाल्या, मला कोण घेईना. मुलीला शॉपवर कुठं उभी करायची, असं एकानं तोंडावर विचारलं. शेवटी अब्बा आपल्या मॅनेजरच्या मागं लागले आणि मी शिरोली एमआयडीसीत, पत्र्याचे नग दाबून काढणाऱ्या अब्बांच्याच प्रेस शॉपमध्ये चिकटले. हो, तेच शॉप. भर शिफ्टमध्ये मशीन सोडून तू जिथनं गेटाबाहेर पडलास आणि अब्बा सगळ्यांदेखत तुला भित्रा म्हणाले, तेच. तुझा प्रेस अजून तिथंच आहे. त्यावर आता यल्लाप्पा असतो, निपाणीकडचा. मला तंगी म्हणतो, त्यांच्याकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

माझं प्रोजेक्ट टाइम स्टडीचं आहे. हातात स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरच्या शेजारी उभं राहायचं, एक नग काढायला किती वेळ लागतो ते लिहायचं आणि त्यावरनं तासाचं टार्गेट ठरवायचं. स्टॉपवॉचवाला आला की शॉपवर काय होतं ते तू बघितलंयस. यल्लाप्पानं मला बघितलं आणि आधी घाम पुसला, मग पाणी प्यायला, मग मशीनमधला साचा, डाय, फडक्यानं पुसला, मग परत पुसला. दर नग उजेडाकडं धरून बघत होता आणि तोंड एकदम साळसूद. त्यात लबाडी नाही, शॉपची रीतच आहे ती. जो आकडा कागदावर जातो तोच उद्या मानगुटीवर बसतो, हे तिथं झाडणाऱ्यालासुद्धा ठाऊक आहे.

आणि अब्बा? त्यांनी मला बघितलं, टोपी सारखी केली आणि असे सुटले की हातच दिसेनात. आजूबाजूचे काम सोडून बघायला लागले. बाळासो सुपरवायझर माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, गौसचाचा, आज काय खाऊन आलाय. घरी येताना गाडीवर अब्बांनी रीडिंग कसं आलं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यात भारी तुमचंच. ते हेल्मेटच्या आत हसले, ते मला मागं बसून कळलं. तू गेल्यापासनं ते हसलेले मला आठवत नाहीत.

अम्मी बरी आहे. पत्र परत आलं नाही तर तुला मिळालं असं समजेन.

शबनूर


उचगाव, ९ फेब्रुवारी

भाई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे वाचलंस. उत्तर देऊ नकोस, पण हे नीट वाच. मला भीती वाटायला लागलीय आणि सांगायला दुसरं कोण नाही.

रिपोर्टमध्ये मी सगळ्या ऑपरेटरांची सरासरी मांडली होती. बाळासोनं ती बाजूला सारली. एक माणूस करतोय म्हणजे सगळे करू शकतात, असं म्हणून त्यानं अब्बांचा आकडा फळ्यावर लिहिला. पहिल्या तारखेपासनं सगळ्या प्रेसना तेच टार्गेट. कुणी कुरकुर केली की म्हणतो, मॅडमनी स्टडी केलाय, मॅडमना विचारा. मॅडम म्हणजे मी. पोरं माझ्याकडं बघतात आणि मान फिरवतात.

आता खरी गोष्ट. त्या जुन्या प्रेसना दोन बाजूंना दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येतो. म्हणजे तो येताना माणसाचे हात बटणांवर असतात, आत नसतात. पण एका बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबली की ते दाबलेलंच राहतं. मग एक हात बटणावर आणि दुसरा सारखा आत-बाहेर. नग झपाझप निघतात. आतला हात जरा मागं राहिला तर काय होतं ते मी तुला सांगायची गरज नाही.

अब्बांच्या डाव्या बटणात पुठ्ठा आहे. तसं केल्याशिवाय तो आकडा निघतच नाही. आणि फळ्यावर आकडा आल्यापासनं सगळ्यांच्याच बटणात पुठ्ठा आहे. बाळासो दिवसातनं दहादा तिथनं जातो आणि छताकडं बघत जातो.

जेवायच्या सुट्टीत अब्बांच्या शेजारी कोण बसत नाही. इतकी वर्षं ज्यांच्या डब्यातलं खाल्लं ते उठून पलीकडं जातात. यल्लाप्पा तेवढा माझ्याशी बोलला. आवाज न चढवता म्हणाला, "तंगी, तुझ्या बापानं आमच्या समद्यांच्या गळ्याला फास लावला बघ." मी हातातल्या कागदांशी चाळा करत उभी राहिले.

घरी येताना मी अब्बांना गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हटलं, तो पुठ्ठा काढा. सुरुवातीला हसण्यावारी नेलं. मग मी रडायच्या बेताला आले, तेव्हा म्हणाले, "दोन्ही बटणं दाबून तेवढं नग निघत न्हाईत. आकडा खाली आला की सायेब म्हणणार, पोरीनं खोटं लिवलं. माझ्या पोरीचं रीडिंग खोटं ठरंल की."

बघ म्हणजे. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं म्हणून ते तसे सुटले, आणि आता माझ्या कागदासाठी रोज हात आत घालतायत. तू एकदा फोन कर त्यांना. शिव्या दे, भांड, काहीही कर, पण पुठ्ठा काढायला सांग.

शबनूर


उचगाव, ९ मार्च

भाई,

तुझा फोन आला नाही. बरं.

रोजे चालू झाले. पहाटे सहरीचं खायला उठायचं, नमाज पढून परत जरा टेकायचं की शिफ्टची वेळ. अब्बा रोजे सोडणार नाहीत आणि मी तसं म्हणणारही नाही. पण दुपार झाली की त्यांचे डोळे जड होतात. काल मी बघितलं, क्षणभर मिटले. पापणी मिटली आणि हात चालूच होता.

मी आता माझं टेबल सोडून त्यांच्या आसपासच घुटमळते. कधी टेंपरेचर लिहिते, कधी उगाच फूटपट्टी लावते. बाळासो म्हणाला, मॅडम, तुमचं इथलं काम झालं की. मी म्हटलं, अजून थोडं राहिलंय. प्रेसचा ठेका कानात बसलाय. तो चालू आहे तोवर मी श्वास घेते, आणि मधेच तुटला की हातातलं काम सोडून उठते. बहुतेक वेळा पत्रा संपलेला असतो, नाहीतर ते पुढचा गठ्ठा ओढत असतात. मी जाऊन बघते, आणि ते मला हाकलतात.

घरी इफ्तारला खजूर उचलतात तेव्हा मी त्यांचे हात बघते. अम्मीनं विचारलं, बापाकडं अशी काय टक लावून बघायलीस? मी म्हटलं, काही नाही, दमलेले दिसतात. तिला काही सांगितलेलं नाही. ती ऐकून झोपायची नाही, आणि घरात एकीनं जागणं पुरे आहे.

तुला पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं. अब्बांचे हातच दिसेनात, असं लिहिलं होतं. दिसत होते. डावा हात बटणाकडं जातच नाही हे मला तिसऱ्या-चौथ्या नगालाच कळलं. मी मशीनच्या त्या बाजूला वाकून बघितलंसुद्धा. पुठ्ठा दिसला. तरी स्टॉपवॉच थांबवलं नाही. एक तर सगळे बघत होते, थांबवलं असतं तर अब्बांचा पाणउतारा झाला असता. आणि दुसरं लिहायला लाज वाटते. आकडा भारी होता रे. गाइड सर म्हणाले होते, प्रोजेक्ट उठून दिसलं तर कंपनी तुला ठेवून घेईल, या शॉपवरची पहिली मुलगी. मला ते फार हवं होतं. अब्बांनाही तेच हवं होतं, म्हणून तर ते पळत सुटले.

आता तोंड उघडलं तर काय होतं बघ. सुरक्षेचं बटण अडकवलं म्हणून पहिली नोटीस अब्बांच्याच हातात पडेल. आणि मी बघून गप्प राहिले म्हणून माझं वर्ष जाईल. नाही उघडलं तर रोज दुपारी मी तो ठेका ऐकत बसायचं. तू असतास तर काय केलं असतंस? तू निघून गेलास, ते सोपं होतं की अवघड, हे मला पहिल्यांदाच विचारावंसं वाटतंय.

शबनूर


उचगाव, २३ मार्च

भाई,

अब्बा सुखरूप आहेत. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

काल दुपारी मी स्टोअरमध्ये होते. ठेका तुटला आणि पाठोपाठ एक ओरडणं आलं. माझ्या हातातलं सगळं खाली पडलं. मी कशी पळाले मला आठवत नाही. गुडघ्याला जखम आहे, ती कुठं झाली तेही माहीत नाही. अब्बा त्यांच्या प्रेसशी उभे होते. दोन्ही हात छातीशी धरलेले, आणि दोन्ही पूर्ण होते. माझ्या तोंडातून मोठ्यानं निघालं, अल्हम्दुलिल्लाह.

यल्लाप्पा तेव्हा पलीकडं खाली बसून ओरडत होता.

भाई, मी ते बोलले तेव्हा त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मला कळलं होतं की कुणाचा तरी हात गेलाय. तरी मला आधी बरं वाटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही ते मला माहीत नाही. बघितलं नसावं, असं मी स्वतःला सांगते. त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

इतके दिवस मी अब्बांच्या हातावर पहारा देत होते. त्याच शॉपमध्ये बाकीच्यांनाही हात आहेत, त्यांच्याही बटणात माझ्याच आकड्यापायी पुठ्ठा आहे, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण धाकधूक व्हायची ती फक्त अब्बांची. यल्लाप्पाच्या प्रेसकडं पाठ करून मी अब्बांकडं बघत उभी राहायची.

त्याला गाडीत घातलं आणि बाळासोनं पहिलं काम काय केलं, तर प्रत्येक प्रेसपाशी जाऊन पुठ्ठा काढला. सगळे पुठ्ठे खिशात कोंबले. वरचे साहेब आले तेव्हा दोन्ही बटणं व्यवस्थित वर होती. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं ठरलं. कोण काही बोललं नाही. मीही नाही. एक शिफ्ट प्रेस बंद राहिले आणि आज रविवार असून त्याची भरपाई म्हणून शॉप चालू ठेवलं.

मी आज गेले. अब्बांचं बटण बघितलं. पुठ्ठा परत आत होता.

मी तिथंच त्यांचा हात धरला. मशीन बंद करायला लावलं. लाज सोडून सगळ्यांसमोर म्हटलं, काल डोळ्यानं बघितलं तरी? ते माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "आता तर काढून चालणारच न्हाय. आता आकडा खाली आला तर यल्लाप्पाची बोटं तुझ्या रीडिंगपायी गेली, असं हुतंय."

म्हणजे आधी मी खोटी ठरू नये म्हणून, आणि आता मी गुन्हेगार ठरू नये म्हणून. माझा तो आकडा खरा ठेवायला हा माणूस हात जाईपर्यंत थांबणार नाही. कुणाचंही ऐकणार नाही, तुझंही नाही. तू फोन केला नाहीस त्याबद्दल माझा राग गेला. फोननं काही झालं नसतं.

तो आकडा फक्त मी मारू शकते. पुढच्या महिन्यात कॉलेजात प्रोजेक्टची शेवटची परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक असतील, कंपनीचे मोठे साहेब असतील, बाळासो असेल. तिथं बोललं तर दाबता येणार नाही. पण तोवर रोज दुपार आहे. आणि तिथं उभी राहिल्यावर माझ्या तोंडातून आवाज निघेल की नाही, ते मला माहीत नाही.

शबनूर


उचगाव, २० एप्रिल

भाई,

ईद कशी गेली विचारू नकोस. अम्मीनं शिरखुर्मा केला, कुणी दुसरी वाटी मागितली नाही.

आवाज निघाला. कसा ते सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्री मला ताप भरला. सकाळी अम्मी म्हणाली, नको जाऊस, सर्टिफिकेट आणू डॉक्टरचं. भाई, मी अर्धी तयार झाले होते. तेवढ्यात अब्बा डबा घेऊन बाहेर पडले, शिफ्टला, त्याच प्रेसवर. मग मीही उठले.

समोर तीन माणसं, मागं वर्गातली पोरं. मी तो आकडा पडद्यावर लावला आणि म्हटलं, हा आकडा चुकीचा आहे. सुरक्षेचं एक बटण अडकवून तो काढलाय. मी ते रीडिंग घेताना बघितलं होतं आणि तरी लिहिलं. त्यावरनं टार्गेट लागलं, आणि त्या टार्गेटपायी एका माणसाची बोटं गेली. गाइड सर म्हणाले, बस, शबनूर, पाणी पी. मी बसले नाही. बसले असते तर परत उठता आलं नसतं. परीक्षकांनी विचारलं, तो ऑपरेटर कोण? मला वाटलं होतं की हे कोण विचारणार नाही. मी म्हटलं, माझे वडील. मी टेबलाला धरून उभी होते. बाळासो खाली बघत होता, आणि कंपनीचे साहेब लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा आकडा पुसला. बटणं बदलायला माणूस आला, नवी अशी आहेत की एक अडकवलं तर मशीन चालतच नाही. बाळासोला आणि अब्बांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. माझं प्रोजेक्ट फेटाळलं. पुढच्या बॅचबरोबर सगळं परत करायचं. कंपनीनं ट्रेनिंगचा पासही काढून घेतला. सगळं अंदाजाप्रमाणं झालं. फक्त अब्बा बोलायचे बंद होतील हे मी धरलं नव्हतं. रागावले नाहीत. जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. अम्मी दोघांच्या मधनं भांडी उचलत फिरायची.

आज सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, चल. कुठं ते सांगितलं नाही. गाडी शिरोली गावात यल्लाप्पाच्या दारात थांबली, तेव्हा मला परत फिरावंसं वाटलं.

त्याच्या बायकोनं, तानूबाईनं, चहा दिला. यल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. अब्बा इकडचं तिकडचं बोलायला गेले आणि त्यांना जमलं नाही. मी म्हटलं, मी कॉलेजात सगळं सांगितलं. त्याला ते कळलेलं होतं. मग त्यानं विचारलं, "तंगी, येवढंच जरा आधी बोलता आलं नसतं व्हय?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला भीती वाटत होती. तो म्हणाला, व्हय, ती तर वाटणारच. आणि उजव्या हातानं कप उचलून त्यानं चहा संपवला. तानूबाई आत निघून गेली, ती आम्ही उठेपर्यंत बाहेर आली नाही. पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे. काय बोलायचं ते माहीत नाही, पण जाणार आहे.

येताना पंचगंगेच्या पुलाअलीकडं अब्बांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ट्रक जात होते, काही ऐकू येईना. ते पुढं बघतच बोलले, आणि जसं बोलले तसं मी लिहिते.

"मुनव्वरला लिही. त्यो भित्रा न्हवता म्हणावं. मलाबी भ्या वाटायचं. पहिल्या दिवसापासनं, रोज. मी कुणाला सांगितलं न्हाय, येवढंच."

मग त्यांनी परत किक मारायला बघितलं आणि मारली नाही. खाली उतरले. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हात थरथरायलाय, तू चालव.

मी चालवली. तुला माहीत आहे, ते आजवर कुणाच्या मागं बसले नाहीत. उचगाव येईपर्यंत त्यांनी माझे दोन्ही खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. मला दुखत होतं. मी गाडी थांबवली नाही.

शबनूर